बेडीचे कुलूप

घराच्या किंवा दुकानाच्या कुलपावर हात टाकणारा माणूस बाहेरून येतो, घाईत असतो आणि कोणी पाहील या धास्तीत असतो. हातकडीच्या कुलपाचे गणित उलटे आहे. ते ज्याच्याविरुद्ध लावलेले असते तो माणूस त्या कुलपाला जोडलेलाच असतो. त्याच्यापाशी तासन् तास असतात, दोन्ही हात कुलपापासून वीतभर अंतरावर असतात आणि मन रमवायला दुसरे काही नसते. त्यातच हे कुलूप लावायचे असते ते धडपडणाऱ्या, घामेजलेल्या, कमीजास्त जाडीच्या मनगटावर. तेही किल्लीशिवाय आणि बऱ्याचदा एकाच हाताने. पुन्हा सोडायची वेळ आली की हजर असलेल्या कोणत्याही पोलिसाला ते क्षणात उघडता आले पाहिजे. या अपेक्षा एकमेकींच्या आड येतात. बेडीच्या कुलपाची रचना म्हणजे या अपेक्षांमध्ये दीड-दोनशे वर्षे चाललेली तडजोड आहे.

हे कुलूप नेमके कुठे कामाला येते, हे आधी पाहिलेले बरे. बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील तलवाडा हे गाव त्वरिता देवीच्या देवळामुळे पंचक्रोशीला माहीत आहे; तेथे पोलीस ठाणेही आहे. अशा ग्रामीण ठाण्यात अटक झालेल्या माणसाला प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभे करावे लागते. म्हणजे तलवाड्याहून गेवराईचे न्यायालय, मधे वैद्यकीय तपासणीसाठी सरकारी दवाखाना, आणि न्यायालयीन कोठडी मिळाली तर पुढे बीडचे जिल्हा कारागृह. कोठडीत भिंती आणि गज असतात, तुरुंगातही असतात. या दोहोंच्या मधल्या रस्त्यावर, जीपमध्ये, न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि दवाखान्याच्या रांगेत मात्र भिंत नसते. बेडी ही या मधल्या जागेची वस्तू आहे. तिला वर्षानुवर्षे टिकाव धरायचा नसतो. काही तास, फार तर एखादा दिवस माणसाचा निर्धार आणि कौशल्य थोपवून धरायचे असते. तिचे कुलूप तिजोरीइतके बळकट नाही म्हणून नाक मुरडणारे ही गोष्ट विसरतात.

जुन्या काळच्या बऱ्याच बेड्यांना कुलूपच नसे. लोहार लोखंडी कडे पायात घालून त्याची खीळ ऐरणीवर ठोकून चपटी करी, आणि सुटकेच्या वेळी छिन्नीने ती तोडी. अंदमानच्या सेल्युलर जेलमधील दंडाबेडी आणि आडवी बेडी ही याच परंपरेतली. त्यांचा हेतू प्रवासात माणूस पळू नये एवढाच नव्हता, तर त्याला शिक्षा करण्याचा होता. अशा बेडीत छेडछाड करायला किल्लीचे भोकच नाही. पण म्हणून ती अभेद्य ठरत नाही, कारण जोर कुलपावरच लावला पाहिजे असा काही नियम नाही. क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके एडनच्या तुरुंगातून 13 फेब्रुवारी 1883 रोजी निसटले ते दाराचे कुलूप फोडून नव्हे, तर दारच बिजागरीतून उखडून. ते लवकरच पुन्हा पकडले गेले आणि त्याच महिन्यात, 17 फेब्रुवारीला, त्यांचा अंत झाला. बेडीची रचना करणाऱ्यालाही हाच प्रश्न आधी विचारावा लागतो: कुलूप बाजूला ठेवले तर दुसरी बिजागरी कुठे आहे?

कुलूप असलेल्या हातकड्यांमध्ये सर्वांत दीर्घायुषी ठरली ती डार्बी धाटणी. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या हायट कंपनीने ती मोठ्या प्रमाणावर बनवली आणि ब्रिटिश साम्राज्याबरोबर ती भारतातही पोचली. तिची यंत्रणा अगदी साधी आहे. इंग्रजी डी अक्षराच्या आकाराचे लोखंडी कडे, त्याची सरळ बाजू म्हणजे एक पोकळ नळी, आणि नळीत स्प्रिंगने पुढे रेटलेला एक दट्ट्या. कड्याचे टोक नळीत दाबले की दट्ट्या मागे सरकतो आणि टोकावरची खाच समोर आली की त्या खाचेत बसतो. किल्लीचे टोक पोकळ असते आणि त्याला आतून आटे असतात. ती नळीत घालून फिरवली की दट्ट्याच्या आट्यांवर ती चढत जाते आणि त्याला स्प्रिंगच्या विरुद्ध मागे ओढते. लावायला किल्ली लागत नाही, उघडायला लागते. म्हणजे अर्धे काम साधले.

उरलेल्या अर्ध्यातच डार्बीची दुखणी आहेत. कड्याचे माप ठरलेले असते. हडकुळ्या मनगटावर ते सैल बसते आणि अंगठा तळहातात दुमडला की हात निसटतो. जाडजूड मनगटावर ते बसतच नाही. दुसरे दुखणे स्प्रिंगचे. दट्ट्याला जागेवर धरून ठेवणारी ती एकटीच असते. बेडीला ठरावीक दिशेने जोराचा धक्का बसला तर दट्ट्या स्वतःच्या जडत्वाने स्प्रिंग दाबून क्षणभर मागे सरकू शकतो. जादूगार हॅरी हुडिनीने 1910 च्या सुमारास आपल्या युक्त्या पुस्तकरूपाने सांगितल्या, त्यात पायाला बांधलेल्या शिशाच्या पट्टीवर बेडी आपटण्याची युक्ती होती. प्रेक्षकांना वाटे हा माणूस किल्लीशिवाय कुलपाशी बोलतो; प्रत्यक्षात तो न्यूटनचा पहिला नियम वापरत होता. केवळ स्प्रिंगच्या भरवशावर उभे असलेले कोणतेही कुलूप धक्क्यापुढे कच्चे असते. हा धडा पुढच्या सगळ्या रचनांना उपयोगी पडला.

मापाचा प्रश्न अमेरिकेत सुटला. 1862 मध्ये डब्ल्यू. व्ही. ॲडम्स यांनी दातेरी कड्याच्या हातकडीचे पेटंट घेतले. कड्याच्या बाहेरच्या अंगावर ओळीने दाते कापलेले होते आणि कुलपाच्या घरात एक खिटी होती, त्यामुळे कडे मनगटाच्या जाडीप्रमाणे हव्या त्या दात्यावर अडकवता येई. 1866 मध्ये ऑर्सन फेल्प्स यांनी आणि 1870 च्या दशकात जॉन टॉवर यांनी या कल्पनेत सुधारणा केल्या. टॉवर यांच्या हातकड्या अमेरिकेतील पोलिसांकडे पुढची काही दशके होत्या. पण या सगळ्यांत एक अडचण उरली होती. कडे एकदा बंद झाले की किल्लीशिवाय पुन्हा उघडत नसे. झटापटीत ते मनगटावर बसण्याआधीच मिटले तर पोलिसाने एका हाताने माणूस धरायचा आणि दुसऱ्या हाताने खिशात किल्ली शोधायची.

1912 मध्ये जॉर्ज कार्नी यांना पेटंट मिळाले ते याच अडचणीवरच्या उपायाचे. त्यांनी कडे दोन पट्ट्यांच्या मधून आरपार फिरेल असे केले. ते एका दिशेने कितीही वेळा गोल फिरते. मिटले तरी पुढे ढकलत नेले की पुन्हा उघडे पडते. बेडी मनगटावर नुसती आपटली तरी कडे फिरून मागून येते आणि बसते. 1914 मध्ये स्थापन झालेल्या पीअरलेस कंपनीने ही रचना बाजारात आणली आणि आज जगभर दिसणारी पोलादी हातकडी, मग ती कोणत्याही कारखान्यातली असो, बहुतेक वेळा तिचीच नक्कल असते. चित्रपटात दिसते तीही हीच. यंत्ररचनेच्या इतिहासात मूळ आराखडा शंभर वर्षांहून जास्त टिकल्याची उदाहरणे फार नाहीत. बेडी त्यांपैकी एक आहे.

तिच्या पोटात काय असते ते नीट पाहण्यासारखे आहे, कारण छेडछाडीचा सगळा खेळ तिथेच चालतो. कड्याच्या फिरत्या भागावर तिरपे दाते असतात: एक अंग उतरते, दुसरे उभे. कुलपाच्या घरात एका खिळीवर टेकलेली खिटी असते आणि तिच्यावरही तसेच, उलट्या तोंडाचे दोनतीन दाते असतात. एक पातळ स्प्रिंग या खिटीला कड्यावर दाबून धरते. कडे आत ढकलले की उतरत्या अंगावरून खिटी घसरत जाते आणि टकटक आवाज येतो; सायकलचे पायडल उलटे फिरवले की फ्रीव्हीलमधून येतो तसाच, आणि कारणही तेच. कडे बाहेर ओढले की उभ्या अंगाला उभे अंग भिडते आणि ओढ जितकी जास्त तितकी खिटी घट्ट रुतते. किल्ली म्हणजे एक छोटी पोकळ नळी आणि तिच्या टोकाला एक लहानसा पंख. नळी कुलपातल्या खुंटीवर बसते, फिरवली की पंख खिटीचे मोकळे टोक उचलतो आणि दाते सुटतात.

म्हणजे एवढ्या अवस्थेत बेडीची सगळी भिस्त पुन्हा एका स्प्रिंगवरच येते. खिटी उचलली गेली की काम संपले. ती किल्लीनेच उचलली पाहिजे अशी तिची अट नसते; दात्यांच्या वाटेने काही पातळ वस्तू तिच्याखाली शिरली आणि दोन्हींचे दाते एकमेकांपासून विलग झाले, तरी तिला फरक कळत नाही. कड्याच्या फिरण्याची जी सोय पोलिसाला हवी असते तीच येथे कैद्याच्या उपयोगी पडू पाहते. कारखान्यांनी यावर किरकोळ उपाय बरेच केले: कडे आणि घर यांच्यामधली फट कमी केली, दाते बारीक केले, एकाऐवजी दोन खिट्या बसवल्या म्हणजे दोन्ही एकाच वेळी उचलाव्या लागतात, घराचे तोंड आतून असे वळवले की सरळ काही आत जाऊ नये. हे सारे उपाय अडथळा वाढवतात, दोष काढत नाहीत.

दोष काढणारा उपाय फार साधा आहे आणि तो आकाराने नखाएवढा आहे. खिटीच्या पाठीमागे एक लहानशी सरकती पट्टी बसवलेली असते. बेडी लावून झाली, माप नीट बसले, की पोलीस किल्लीच्या मागच्या बाजूला असलेल्या बारीक टोकाने ही पट्टी सरकवतो. ती सरकून खिटीच्या पाठीशी येते आणि खिटीला उचलले जायला जागाच उरत नाही. आता मदार स्प्रिंगवर नसून धातूने धातूला अडवण्यावर असते. धक्का दिला तरी खिटी हलत नाही, खाली काही शिरवले तरी ती वर जात नाही. याला दुहेरी कुलूप म्हणतात. टॉवर यांच्या हातकड्यांतही एका वेगळ्या प्रकाराने ते होते. आजच्या बेड्यांत कुठे ते बाजूच्या खाचेतून सरकवायचे असते, कुठे छोटे बटणवजा टोक दाबून. उघडताना किल्ली आधी एका बाजूला फिरवून पट्टी मागे घ्यायची आणि मग दुसऱ्या बाजूला फिरवून खिटी उचलायची. दोन दिशांच्या दोन हालचाली, ठरलेल्या क्रमाने. यातच छेडछाडीची अडचण बरीच वाढते.

पण या पट्टीचे दुसरे काम जास्त महत्त्वाचे आहे आणि त्याच्याकडे सहसा लक्ष जात नाही. खिटी हललीच नाही तर कडे बाहेर येत नाही, तसे आतही जात नाही. दुहेरी कुलूप न लावलेली बेडी प्रत्येक हिसक्याला, जीपमधल्या प्रत्येक आदळआपटीला एकेक दाता घट्ट होत जाते आणि सैल कधीच होत नाही. मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला, कातडीच्या अगदी खाली, रेडियल नावाच्या मज्जातंतूची एक शाखा जाते. तिच्यावर लोखंडाचा दाब बराच वेळ राहिला तर अंगठ्याच्या मागच्या बाजूला मुंग्या येतात, बधिरता येते. बहुतेक वेळा ती काही आठवड्यांत जाते. कधी कधी राहते. वैद्यकशास्त्रात या दुखापतीची नोंद हातकडीच्याच नावाने आहे. म्हणजे जी पट्टी पोलिसाचे कैद्यापासून रक्षण करते तीच कैद्याचे बेडीपासून रक्षण करते. या यंत्रात दोन्ही पक्षांचे हित एकाच तुकड्यात सामावले आहे, आणि तो सरकवण्याचा कंटाळा केला तर दोन्ही पक्षांचे नुकसान होते. गडबडीत नेमका तोच सरकवायचा राहतो, म्हणून काही नव्या बेड्यांत दुहेरी कुलूप लागले आहे की नाही हे बाहेरून रंगाच्या खुणेने दिसते.

आता किल्ली. नेहमीच्या पोलादी हातकडीची किल्ली जवळपास सर्वत्र एकाच मापाची असते. एका कारखान्याची किल्ली दुसऱ्याच्या बेडीला लागते. कुलूपशास्त्राच्या दृष्टीने हा चक्क वेडेपणा आहे. शहरातल्या सगळ्या घरांना एकच किल्ली असावी तशातली गत. पण पोलिसी कामाच्या दृष्टीने त्यात शहाणपण आहे. तलवाड्याच्या हवालदाराने लावलेली बेडी गेवराईत किंवा बीडच्या तुरुंगाच्या दारात दुसऱ्याच कर्मचाऱ्याला काढायची असते. गाडीला अपघात झाला, ती पाण्यात गेली, आग लागली, कैद्याला झटका आला, तर ज्याच्याकडे कोणतीही किल्ली आहे त्याला ती बेडी उघडता आलीच पाहिजे. बेडीत अडकलेला माणूस स्वतःचा जीव वाचवू शकत नाही, म्हणून त्याच्या सुटकेची सोय करणे ही बांधणाऱ्याची जबाबदारी ठरते. एका किल्लीच्या रिवाजामागे हे कारण आहे, आणि ते टाकाऊ नाही.

तरीही धोकादायक कैद्यांच्या लांबच्या प्रवासासाठी अवघड किल्लीची बेडी हवी, अशी मागणी होत राहिली. तेथे लिव्हरच्या कुलपाची परंपरा कामी आली. महाराष्ट्रातल्या घरांना ही परंपरा परकी नाही. अर्देशिर गोदरेज यांनी 1897 मध्ये मुंबईत लालबागला कुलपांचा उद्योग सुरू केला, आणि ‘सात लिव्हरचे’ किंवा ‘नवताल’ हे शब्द दाराचे कुलूप घेताना सहज बोलले जातात. अशा कुलपात एकावर एक रचलेल्या पट्ट्या असतात. किल्लीचा प्रत्येक दाता आपापली पट्टी नेमक्या उंचीवर उचलतो आणि सगळ्यांच्या खाचा एका रेषेत आल्या तरच बोल्ट सरकतो. एखादी पट्टी कमी उचलली गेली तर नाही, आणि जास्त उचलली गेली तरीही नाही. साध्या बेडीतली खिटी मात्र कितीही उचलली तरी चालते. फरक इथे आहे.

लिव्हरच्या कुलपांचा आणि कैद्यांचा जुना संबंध आहे. 1817 मध्ये पोर्ट्समथच्या गोदीत चोरी झाल्यावर ब्रिटिश सरकारने स्वतःच्याच किल्लीने उघडेल असे कुलूप मागवले. जेरेमाया चब यांनी 1818 मध्ये ते बनवले. त्यात अशी योजना होती की चुकीच्या साधनाने एखादी पट्टी जास्त उचलली गेली तर कुलूप तिथेच अडकून बसे आणि मालकाला पुढच्या वेळी किल्ली लावताच कळे की कोणीतरी हात घातला होता. त्याची परीक्षा घ्यायला तरंगत्या तुरुंगातल्या एका कैद्याला बोलावण्यात आले, जो व्यवसायाने कुलूप बनवणारा होता. उघडलेस तर शंभर पौंड आणि शिक्षेची माफी, असे बक्षीस ठेवले होते. दोनतीन महिने झटून त्याने हात टेकले. या कुलपाचा दबदबा तीसेक वर्षे टिकला. 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनात आल्फ्रेड हॉब्स या अमेरिकन कारागिराने ते सुमारे पंचवीस मिनिटांत उघडले. ब्रामा यांचे त्याहून कठीण समजले जाणारे कुलूप उघडायला त्याला सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास लागले. एक्कावन्न तास! कुलूपवाल्यांची अब्रू गेली असे तेव्हा लोक म्हणाले. खरे तर ज्या कुलपाला एवढे तास लागतात ते बेडीसाठी उत्तमच म्हटले पाहिजे. प्रतिकार नेहमी वेळातच मोजायचा असतो. कोणतेही कुलूप कधीच उघडणार नाही असे नसते. ते किती वेळ आणि किती साधने मागते एवढाच प्रश्न असतो.

बर्मिंगहॅमच्याच नॅथॅनियल हार्ट या कारागिराने कठीण कुलपाची खास हातकडी बनवली होती आणि लंडनच्या ‘डेली इलस्ट्रेटेड मिरर’ या वर्तमानपत्राने ती घेऊन हुडिनीला आव्हान दिले. 17 मार्च 1904 रोजी भरगच्च नाट्यगृहात तो सत्तर मिनिटांच्या आसपास पडद्याआड होता आणि मग मोकळ्या हातांनी बाहेर आला. त्याने ते कसे केले याविषयी आजही वाद आहे. नाटकीपणा वगळला तर त्यातून एक तांत्रिक गोष्ट मात्र शिकता येते: नेहमीच्या बेड्यांना तो मिनिटे देई, या बेडीने तासाहून जास्त घेतला.

चब कंपनीने पुढे पोलिसी वापरासाठी पट्ट्यांचे कुलूप असलेली एस्कॉर्ट नावाची हातकडी काढली. जर्मनीच्या बोनोवीनेही अवघड किल्लीच्या बेड्या बनवल्या. या बेड्यांची सुरक्षितता किल्ली बाहेर कोणाला मिळत नाही या गृहीतकावर उभी होती. 2012 मध्ये न्यूयॉर्कच्या होप या हॅकर परिषदेत एका जर्मन तज्ज्ञाने लेझरने कापलेल्या आणि त्रिमितीय छपाई यंत्रावर छापलेल्या प्लॅस्टिकच्या किल्ल्यांनी या दोन्ही प्रकारच्या बेड्या उघडून दाखवल्या. एका प्रकारच्या सगळ्या बेड्यांना एकच किल्ली होती, हे त्यामागचे मूळ कारण. अवघड कुलूप आणि सामायिक किल्ली हा जोड फार काळ टिकत नाही. प्रत्येक बेडीला वेगळी किल्ली द्यावी तर अपघाताच्या वेळी ती हाताशी असेल याची खात्री कोण देणार? या पेचाला अजून कोणी पूर्ण उत्तर दिलेले नाही, आणि म्हणून जगातल्या बहुतेक पोलीस दलांनी साध्या सामायिक किल्लीवरच समाधान मानले आहे.

कुलपाबाहेरच्या बिजागऱ्यांकडे वळायचे तर पहिली म्हणजे साखळी. दोन कड्यांमध्ये बहुधा दोनच दुवे असतात आणि ते ज्या खुंटीला जोडलेले असतात ती स्वतःभोवती फिरते. ती फिरली नसती तर हात पिळून साखळीला पीळ देता आला असता आणि पिळातून निर्माण होणारा जोर मोठा असतो. साखळीऐवजी बिजागरी बसवली की मनगटे एकमेकांकडे वळणे कठीण होते आणि बोटे किल्लीच्या भोकापर्यंत पोचत नाहीत. मधे सरळ कडक दांडा बसवला की आणखीच. ब्रिटनच्या पोलिसांनी 1990 च्या दशकापासून असे ताठ प्रकार स्वीकारले. दुसरी बिजागरी म्हणजे कडे ज्यावर फिरते ती खीळ. तिचे डोके पृष्ठभागाशी सपाट घासून टाकतात, म्हणजे पकडीला किंवा छिन्नीला धरायला काही मिळत नाही. पोलादावर उष्णता देऊन कडकपणा आणतात, पण मर्यादेतच. फार कडक केले तर ते ठिसूळ होते आणि कापले न जाता तुटते, जे कैद्याच्या दृष्टीने तितकेच सोयीचे.

किल्लीचे भोक कुठे येते यालाही रचनेचाच भाग मानले पाहिजे. हात पाठीमागे, तळवे बाहेरच्या बाजूला आणि भोके बोटांपासून दूर, कोपरांच्या दिशेने, असे लावले तर किल्ली हातात असूनही ती भोकात घालणे जवळपास अशक्य होते. ज्या बेड्यांना दोन्ही अंगांनी भोके असतात त्या पोलिसाला सोयीच्या असतात, पण हा फायदा त्या थोडा घालवतात.

मराठी वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानांवर आरोपी पळाल्याच्या बातम्या येतात त्यांत कुलूप उघडल्याचे क्वचितच आढळते. ‘पोलिसांच्या हाताला झटका देऊन’, ‘बेडीतून हात काढून’, ‘लघुशंकेचा बहाणा करून’ ही त्यातली नेहमीची शब्दयोजना आहे. पहिल्या प्रकारात बेडीचे दुसरे टोक किंवा दोर माणसाच्या हातात असतो आणि माणूस ही सर्वांत कच्ची कडी असते. दुसऱ्या प्रकारात माप चुकलेले असते. कडे मनगटाच्या हाडाच्या वर, हाताच्या पंज्याकडच्या अरुंद भागावर बसले पाहिजे आणि कडे व कातडी यांच्यामध्ये बोटाचे टोक जेमतेम शिरावे इतकेच सैल असले पाहिजे. दातेरी कड्याचा शोध लागला तो यासाठीच. तिसऱ्या प्रकारात बेडी काढलेलीच असते. कैदी पार्टीवर, म्हणजे कैद्याची ने-आण करण्याच्या कामावर, असलेल्या शिपायांचा खरा कस लागतो तो या वेळी. उत्तम पोलादाचा तिथे काही उपयोग नाही.

निगराणीचाही प्रश्न आहे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बेडीच्या घरात धूळ जाते, पावसाळ्यात गंज धरतो, आणि स्प्रिंग मंदावली की खिटी दात्यात पुरती उतरत नाही. बाहेरून बेडी लागल्यासारखी दिसते, टकटक आवाजही येतो, पण दाते अर्धेच भिडलेले असतात. वर्षानुवर्षे कपाटात पडलेली बेडी अचानक गरज पडल्यावर बाहेर काढली तर असेच होण्याची शक्यता जास्त. अमेरिकेच्या न्याय खात्याच्या संशोधन संस्थेने 1982 मध्ये धातूच्या हातकड्यांसाठी आणि 2014 मध्ये सर्व प्रकारच्या बंधनसाधनांसाठी मानके ठरवली, त्यांत ओढ सहन करण्याच्या ताकदीबरोबरच खारट फवाऱ्यात गंजण्याची परीक्षाही आहे. कुलूप कितीही चतुर असले तरी त्याचे दाते स्वच्छ नसतील तर त्या चतुराईला अर्थ नाही, हे या चाचण्यांनी मान्य केले आहे.

प्लॅस्टिकच्या पट्ट्यांची बेडी ही याच दातेरी तत्त्वाची स्वस्त आवृत्ती. वायरींचे जुडगे बांधणाऱ्या पट्टीसारखीच तिची खिटी असते आणि ती उघडण्याची सोयच नसते, कापावी लागते. जमावाला एकाच वेळी ताब्यात घेताना ती उपयोगी. दुहेरी कुलूप तिला सहसा नसते, म्हणून ती घट्ट होत जाण्याचा धोका तिच्यात जास्त.

बेडीचे यंत्र इतके सुधारले तरी ती कोणाला घालायची हा प्रश्न भारतात यंत्राने नव्हे, न्यायालयांनी हाताळला. 1980 च्या प्रेम शंकर शुक्ला खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सरसकट बेड्या घालणे अमानुष ठरवले. कैदी पळून जाईल याला ठोस आधार असेल तरच, आणि कारणे लेखी नोंदवूनच, ती घालता येईल असे सांगितले. महाराष्ट्रात याचा पडसाद सोलापुरात उमटला. तेथे एका कच्च्या कैद्याला बेड्या घालून रस्त्यातून फिरवण्यात आले. मुंबई उच्च न्यायालयाने दहा हजार रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला. 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध रविकांत पाटील’ या खटल्यात ती कायम ठेवली; मात्र अधिकाऱ्याने कामाचा भाग म्हणून हे केले असल्याने पैसे त्याने नव्हे तर राज्याने भरावेत असे ठरवले. 1995 मध्ये आसाममधील एका प्रकरणात, रुग्णालयाच्या खोलीत बंदिस्त असलेल्या माणसांना खाटेला बेड्यांनी जखडलेले आढळल्यावर, सर्वोच्च न्यायालयाने न्यायदंडाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय कैद्याला बेड्या घालून नेता येणार नाही असा नियमच घालून दिला.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 43(3) मध्ये बेडी प्रथमच स्पष्टपणे कायद्यात आली. सराईत गुन्हेगार, कोठडीतून पळालेला माणूस, तसेच संघटित गुन्हेगारी, दहशतवाद, अमली पदार्थ, बेकायदा शस्त्रे, खून, बलात्कार, ॲसिडहल्ला, खोट्या नोटा, मानवी तस्करी, मुलांवरील लैंगिक अत्याचार आणि राज्याविरुद्धचे गुन्हे यांतील आरोपी यांना अटक करताना किंवा न्यायालयात नेताना गुन्ह्याचे स्वरूप पाहून बेडी घालता येते. विधेयकाच्या आधीच्या मसुद्यात आर्थिक गुन्हेही होते. संसदीय समितीच्या सूचनेनंतर ते वगळले गेले. त्याच संहितेचे कलम 46 जुन्या कायद्यातली मर्यादा तशीच पुढे आणते: पळून जाणे रोखण्यास लागते त्याहून जास्त बंधन घालायचे नाही. सरकती पट्टी न लावल्यामुळे वाटेत दाता दाता आवळत गेलेली बेडी या कलमात कशी बसवायची, हे सांगणे कठीण आहे.

कैदी निसटला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 262 नुसार तो नव्या गुन्ह्याचा आरोपी होतो आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्याला हलगर्जीपणाने निसटू देणाऱ्या सरकारी नोकरासाठी कलम 261 आहे. तिथेही साध्या कैदेची कमाल मुदत दोन वर्षेच आहे.